स्पेक मियाटा: पहिल्या ड्रायव्हर्स स्कूलची तयारी आणि पॅडॉकमधली उसनवारी

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) क्लब रेसिंगमध्ये, म्हणजे हौशी शर्यतींत, उतरायचं नक्की केलंय. गाडी १९९२ची माझदा मियाटा, १.६ लिटर. केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा सांगाडा) बसवलेला आहे, स्पेक मियाटा वर्गाचं (जवळपास एकसारख्या मियाटांची शर्यत) लॉगबुक, म्हणजे गाडीच्या तपासणीची नोंदवही, तीही आहे, पण गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. वसंतात न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कच्या थंडरबोल्ट ट्रॅकवर (२.२५ मैल) ड्रायव्हर्स स्कूल (शर्यतीच्या लायसन्ससाठीचं प्रशिक्षण) करायचा विचार आहे. अनुभव म्हणाल तर ऑटोक्रॉस (शंकूंमधून एकेका गाडीने वेळ लावून धावणं) आणि प्रशिक्षकाबरोबरचे ट्रॅक डे, एवढाच.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं ही विनंती. उभ्या राहिलेल्या गाडीची तपासणी कुठून सुरू करायची? आम्ही दोघंच नवरा-बायको जाणार, मेकॅनिक नाही, तर बरोबर काय काय न्यायचं? आणि पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करून तयार करायच्या आवारात) नवख्या माणसाने इतरांकडे किती आणि काय मागितलेलं चालतं? ट्रॅकवर दाराला दार लावून लढणारी माणसं संध्याकाळी एकमेकांच्या गाडीखाली शिरतात असं ऐकतो. त्याचे काही अलिखित नियम असतील तर तेही सांगा.

---

टॉर्करेंच

दोन वर्षं उभी म्हणजे इंजिनाकडे नंतर बघा. आधी रबर, द्रवपदार्थ आणि बेअरिंग. शक्ती वाढवण्याच्या नादाला लागू नका. १.६चं इंजिन कारखान्यातूनच ११६ अश्वशक्तीचं आहे आणि या वर्गात ते मूळ अवस्थेत राहणंच अपेक्षित आहे. नवख्याच्या गाडीकडून पॅडॉकची अपेक्षा एकच असते: ट्रॅकवर काही सांडू नये. एकाच्या गाडीतून तेल गळलं की लाल किंवा काळा झेंडा लागतो, म्हणजे सत्र थांबतं, साफसफाईत पंधरा मिनिटं जातात, आणि ती पंधरा मिनिटं त्या गटातल्या सगळ्यांची गेली. पुढचे गट वेळेवर सोडायचे असल्यामुळे सत्र सहसा वाढवून मिळत नाही. म्हणून गाडी नीट तयार करून येणं हाच इतरांचा पहिला मान.

ब्रेक. जुनं ब्रेक ऑईल पूर्ण काढून टाका. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. साध्या डॉट ४ तेलाला ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसची हमी असते, पाणी शोषल्यावर किमान १५५ची. ट्रॅकवर कॅलिपर याच्या वर सहज जातो. मग तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट फरशीला टेकतं. ताजं असताना ३०० अंशांच्या वर टिकणारं रेसिंग तेल घ्या. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पूर्ण बदलायला पुरतात, तिसरी बरोबर ठेवा. क्रम: उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं, डावं पुढचं. शनिवारी संध्याकाळी चारही चाकांचं थोडं थोडं तेल पुन्हा सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत.

एवढं करूनही पेडल खोल जात असेल तर लगेच मास्टर सिलिंडर बदलू नका. मियाटाच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते आणि पॅड बदलल्यावर ती हाताने जुळवावी लागते. कॅलिपरच्या मागच्या बाजूचा १४ मिमीचा बोल्ट काढा. आत ४ मिमीची ॲलन की बसते. चाक जाम होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा उलटा. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. खोल पेडलच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग). या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. चिकट टायर आणि पुढे ७०० पौंड प्रति इंचाच्या स्प्रिंगा (मागे ३२५) यांमुळे पुढच्या बेअरिंगवर जो भार येतो, तो रस्त्यावरच्या गाडीसाठी कधीच कल्पिलेला नव्हता. गाडी जॅकस्टँडवर घ्या आणि चाक १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा. खडखड जाणवली की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग गेलंय. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट बघा. फक्त ३ आणि ९ला हलत असेल तर टाय रॉडचं टोक. हब अख्खाच बदलायचा असतो, आतलं बेअरिंग वेगळं मिळत नाही. मधल्या नटाला २९ मिमीचा सॉकेट लागतो आणि नट दर वेळी नवा घालायचा. तुमच्या गाडीत हब किती जुने आहेत याची नोंद नसेल तर दोन्ही नवे बसवा आणि जुन्यांतला बरा बरोबर ठेवा.

पाणी. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असायला हवी. तपकिरी-पिवळट झाली असेल तर ती फुटणारच, आज नाही तर तिसऱ्या सत्रात. सगळे होज आणि क्लिप बदला. पुढच्या बंपरखालचा प्लॅस्टिकचा पत्रा कुणी काढून टाकलेला असला तर परत लावा. तो नसला की हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते आणि गाडी तापते. ट्रॅकवर ग्लायकोलवाला कूलंट वापरू नका, सांडला की डांबर निसरडं होतं आणि धुऊनही लवकर जात नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज रोखणारं वॉटर वेटरसारखं द्रव्य. न्यू जर्सीच्या हिवाळ्याआधी मात्र हे पाणी आठवणीने काढा, नाहीतर ब्लॉक तडकेल.

तेल. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं आणि पंपाला क्षणभर हवा मिळते. म्हणून बरेच जण डिपस्टिकच्या खुणेवर अर्धा क्वार्ट जास्त भरतात. १.६ला सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. त्याचा ओ-रिंग कडक होतो आणि तिथून तेल पाझरतं. खाली फायरवॉलच्या बाजूने तेलकट ओघळ दिसला की दोषी तोच. ओ-रिंग किरकोळ किमतीचा असतो. पण सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या जागेवर खूण करा, कारण तो फिरला की टायमिंग बदलतं.

१९९०पासून १९९१च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं नाक आखूड होतं. तिथली की-वे (पुली जागेवर धरणारी खाच) झिजून पुली डगमगते आणि शाफ्ट निकामी होतो. तुमची गाडी १९९२ची, म्हणजे सुरक्षित असायला हवी, पण मधल्या काळात इंजिन बदललेलं असू शकतं. क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोजा. चार असल्या तर आखूड नाक, आठ असल्या तर लांब.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा). उभ्या गाडीत हा हमखास जातो. रबरी टोपी उचलून बघा, आत ओलं दिसलं तर बदला. दोन बोल्ट आणि एक पाइप, अर्ध्या तासाचं काम. पण ग्रिडवर (ट्रॅकवर सुटण्याआधीच्या रांगेत) उभं असताना गिअर पडेनासा झाला तर तो दिवस संपला.

---

घाटवळण

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्यात गाडीबाहेरच्या तपासणीची भर, कारण स्कूलच्या सकाळी नवखे सर्वांत जास्त इथे अडतात.

हार्नेसवरचा (चालकाला बांधणाऱ्या पट्ट्यांवरचा) बिल्ला वाचा. एसएफआयचा (सुरक्षा साधनांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) बिल्ला असेल तर मुदत त्यावरच्या बनवल्याच्या तारखेपासून मोजतात, किती वर्षं ते नियमपुस्तकात बघा. एफआयएचे (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघ) असतील तर ज्या वर्षाअखेर मुदत संपते ते वर्ष बिल्ल्यावरच छापलेलं असतं. दोन वर्षं उभ्या गाडीतले पट्टे बाद झालेले असू शकतात. ऊन आणि धूळ यांनी धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवे सहा बिंदूंचे घ्या. खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या नळीवर सपाट पातळीपासून खाली २० अंशांच्या आत बसले पाहिजेत. त्यापेक्षा जास्त उतार असला तर धडकेत मणक्यावर दाब येतो.

हेल्मेट स्नेलचं (हेल्मेटची चाचणी घेणारी संस्था), 'एसए' मालिकेतलं हवं. मोटरसायकलचं 'एम' हेल्मेट चालत नाही, कारण त्याची आगीची चाचणी झालेली नसते. मानेच्या आधाराला एसएफआय ३८.१ शिक्का. सूट एसएफआय ३.२ए/५ घ्या. त्याची परीक्षा अशी असते की दुसऱ्या दर्जाची भाजल्याची जखम व्हायला साधारण १० सेकंद लागावेत. ३.२ए/१ला तीनच सेकंद मिळतात, म्हणून एक थराच्या स्वस्त सूटचा मोह टाळा. आतले कपडे नायलॉनचे नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात.

मास्टर स्विच इंजिन चालू ठेवून बंद करून बघा. इंजिन थांबलं पाहिजे. फक्त बॅटरी तोडणारा स्विच असला तर अल्टरनेटर इंजिनाला जिवंत ठेवतो, आणि पेटलेल्या गाडीत पेट्रोलपंप चालूच राहतो. पुढे-मागे ओढायच्या कड्या आहेत का, त्यांवर बाण रंगवलाय का, डोकं आपटेल अशा नळ्यांवर एसएफआय ४५.१चं कडक पॅडिंग आहे का (पाइपवर गुंडाळायचा मऊ फोम नव्हे), खिडकीची जाळी एका हाताने सुटते का, हे घरीच बघा. बेल्ट बांधून, हातमोजे घालून, हेल्मेटसकट गाडीबाहेर येण्याचा सराव अंगणात दहा वेळा करा.

लायसन्सचे कागद: वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, नोव्हिस परमिट (नवख्याचा परवाना) आणि गाडीचं लॉगबुक. लॉगबुकावरचा आकडा केजवर ठोकलेल्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. नियमपुस्तक, म्हणजे जीसीआर, दर वर्षी बदलतं. स्पेक मियाटाचं वजन आणि टायर त्यातूनच वाचा, जुन्या चर्चांवर विसंबू नका.

---

पिवळाझेंडा

माझा मुद्दा ट्रॅकवरच्या वागण्याबद्दल, कारण संध्याकाळचा गोडवा तिथेच ठरतो.

स्पेक मियाटात सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या. १५ बाय ७ची चाकं, एकच स्प्रिंग, एकच टायर, आणि १.८ लिटरवाल्या काही वर्षांच्या गाड्यांना हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर प्लेट. हा वर्ग २००६पासून एससीसीएच्या राष्ट्रीय शर्यतींत आहे आणि त्याचं वैशिष्ट्य हेच की पाच-सहा गाड्या एकाच झुंडीत वळणात शिरतात. अशा गर्दीत वेगापेक्षा अंदाज येण्यासारखं वागणं मोलाचं. वेगवान गाडी मागून आली, निळ्यावर पिवळा तिरपा पट्टा असलेला झेंडा दिसला, तर नवखा घाबरून बाजूला सरकतो. नेमकी तीच चूक. मागच्याने तुमची रेषा धरून आखणी केलेली असते. तुम्ही तुमच्या रेषेत राहा, वाटल्यास सरळ पट्ट्यावर हाताने बाजू दाखवा आणि ॲक्सिलरेटर किंचित सैल करा. ओलांडून जाण्याची जबाबदारी ओलांडणाऱ्याची. मात्र तो शेजारी आला की त्याला जागा ठेवण्याची जबाबदारी दोघांची.

दोन चाकं गवतात उतरली तर स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. तसं केलं की टायर डांबराची कड पकडतो आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाते. चाकं सरळ, पाय सैल, वेग उतरू द्या, मग हळूच आत. गाडी फिरायला लागलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा. गाडी एकाच दिशेने घसरत थांबते आणि मागच्यांना तिचा अंदाज येतो. बंद पडलात तर पट्टे सोडू नका, आग नसेल तर आतच बसा आणि झेंडेवाल्यांना अंगठा दाखवा.

काळ्यावर केशरी गोळा म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) या. गुंडाळलेला काळा झेंडा तुमच्याकडे रोखला तर तो इशारा आहे, उघडा काळा असेल तर आत यावंच लागतं. आणि एससीसीएत पांढरा झेंडा म्हणजे शेवटचा फेरा नव्हे. ट्रॅकवर रुग्णवाहिका, टो ट्रक किंवा हळू चालणारी गाडी आहे असा त्याचा अर्थ. टीव्हीवरच्या शर्यती बघून येणारे इथे हमखास चुकतात.

गाडीला गाडी लागली तर काय, हे क्लबाक्लबात वेगळं आहे. पोर्शे क्लब आणि बीएमडब्ल्यू क्लबच्या शर्यतींत १३/१३ नावाचा नियम आहे: धडकेत दोषी ठरलात तर १३ महिने देखरेख, त्या काळात पुन्हा दोषी ठरलात तर १३ महिने बंदी. स्पेक मियाटात घासाघाशी त्या मानाने जास्त होते आणि निवाडा पंचांकडे जातो. तक्रारीची मुदत जेमतेम अर्ध्या तासाची असते, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड लगेच काढून ठेवा. पण तक्रारीआधीची एक रीत आहे आणि ती मला नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. चूक तुमची असेल तर हेल्मेट काढा, पाणी प्या, दहा मिनिटं थांबा, आणि मग समोरच्याच्या तंबूपाशी स्वतः चालत जा. त्याने येऊन विचारायची वाट पाहू नका. "मी ब्रेक उशिरा मारला" एवढं स्पष्ट म्हणा आणि हातोडी घेऊन फेंडर सरळ करायला बसा. व्हिडिओ मागितला तर द्या, तुमच्या विरोधात जात असला तरी.

आणखी एक. झेंडे दाखवणारे, ग्रिड सांभाळणारे, वजनकाट्यावरचे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात, पहाटेपासून उन्हापावसात उभे. शर्यत संपल्यावरच्या संथ फेऱ्यात प्रत्येक चौकीला हात करायची पद्धत आहे, ती चुकवू नका. स्कूलआधी एक शनिवार-रविवार तुम्ही दोघं पांढरे कपडे घालून चौकीवर काम करा. कुठल्या वळणावर कोण का घसरतं हे तिथून जेवढं कळतं तेवढं गाडीत बसून कळत नाही. आणि स्कूलला याल तेव्हा निम्मं पॅडॉक ओळखीचं झालेलं असेल.

---

एडिसनकर

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. पुलीवरच्या खाचा मोजल्या, आठ आहेत. पट्टे एसएफआयचेच आहेत, बदलतो.

उसनवारीचा प्रश्न राहिला. आणि दोघांच्या टीममध्ये बायकोने नेमकं काय काय बघायचं?

---

टॉर्करेंच

आधी दुसऱ्या माणसाचं काम, कारण तिथे खरा फरक पडतो. गाडी आत आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, चारही चाकांची हवा मोजून वहीत लिहायची. थंड ते गरम साधारण ६ ते ८ पीएसआय वाढते. लक्ष्य गरम हवेचं ठेवायचं आणि ते टायर कंपनीच्या शिफारशीवरून ठरवायचं. दहा मिनिटांनी मोजलेला आकडा काही कामाचा नाही. दुसरं, हँडब्रेक लावू द्यायचा नाही. तापलेले पॅड डिस्कवर चिकटून ठसा उमटतो आणि पुढच्या सत्रात ब्रेक थरथरतो. चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. तिसरं, गाडी थंड झाल्यावर टॉर्क रेंचने चाकांचे नट ८० फूट-पौंडाला तपासायचे, प्रत्येक सत्राआधी. इम्पॅक्ट गनने आवळलेले स्टड ताणले जाऊन तुटतात. चौथं, घड्याळ. ग्रिडवर पाच मिनिटांची पाटी लागण्याआधी पट्टे बांधून तयार हवं.

पेट्रोल २० मिनिटांच्या सत्राला साधारण अडीच ते तीन गॅलन धरा. पाव टाकीच्या खाली गेलं की लांब वळणात पंपाला हवा लागते आणि इंजिन आचके देतं. शर्यतीत मात्र वजन शेवटी, चालकासकट मोजतात. एक गॅलन म्हणजे सुमारे ६ पौंड, हा हिशोब डोक्यात ठेवा. काट्यावरून उतरेपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. पाण्याची बाटलीसुद्धा आत द्यायची नाही.

---

घाटवळण

उसनवारीबद्दल. मागायला लाजू नका, पण काय मागता ते बघा.

टॉर्क रेंच, जॅक, २९चा सॉकेट, ब्रेकचं तेल सोडायला दुसरा पाय, अलाइनमेंटची दोरी, हे बेधडक मागा. सुटे भागही मिळतात: हब, स्लेव्ह सिलिंडर, इग्निशन कॉइल, अल्टरनेटर, रेडिएटरचा होज. ड्रायव्हर्स मीटिंगमध्ये किंवा लाउडस्पीकरवर "१.६चा अमुक हवाय" असं सांगितलं की कुणीतरी उठतंच, बऱ्याचदा तुमचा थेट प्रतिस्पर्धी. त्याला तुम्ही ग्रिडवर हवे असता, कारण पुढे कुणी नसताना जिंकण्यात त्यालाही गंमत नाही. हेल्मेट, पट्टे, सूट मात्र मागू नका. बाद झालेले तर कुणी देऊही नयेत.

परतफेडीची रीत आपल्या शेजारपाजारच्या वाटीसारखीच: भांडं रिकामं जात नाही. हत्यार पुसून, ज्या खणातून घेतलं त्याच खणात, त्याच दिवशी. सुटा भाग घेतला असेल तर त्याच आठवड्यात नवा मागवून थेट त्याच्या पत्त्यावर पाठवा, वापरलेला परत करू नका. उसन्या भागावर मास्किंग टेप चिकटवून देणाऱ्याचा गाडी नंबर लिहा, कारण रविवारी चारच्या सुमारास कुणाचं काय हे कुणालाच आठवत नाही. कुणी दुसऱ्याच्या गाडीखाली काम करत असेल तर आधी जॅकस्टँड बघा, मग बोला. आणि त्याच्या सत्राला अर्धा तास उरला असताना काही मागायला जाऊ नका.

तुमच्याकडूनही काही निघायला हवं. स्वतःचे सुटे भाग कमी असले तरी हे ठेवा: जास्तीचं ब्रेक ऑईल, स्टेनलेसची तार, होज क्लिपा, एम१२ बाय १.५चे चार-पाच स्टड आणि नट, रेसर्स टेप, तेल शोषणारी माती, मोठी पाण्याची टाकी आणि दहा बाय दहाचा तंबू, चारही पायांना वजनं बांधून. वजन नसलेला तंबू वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या बॉनेटवर जातो. शनिवारी संध्याकाळी डबे उघडाल तेव्हा जास्तीचे आणा. स्वयंसेवक त्या जेवणाला येतात, त्यांना आधी वाढा.

---

पिवळाझेंडा

ट्रेलरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून एवढंच. गाडी अशी उभी करा की हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार येईल. त्याहून कमी असला तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. पट्टे चाकांवरून टाका, १५ मैलांवर थांबून पुन्हा आवळा आणि त्याच वेळी ट्रेलरच्या हबला हात लावून बघा. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर त्या बेअरिंगला ग्रीस हवंय. ट्रेलरचे टायर नक्षीने नव्हे, वयाने जातात, तेव्हा बाजूला छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. स्टेपनी घ्या, आणि ट्रेलरच्या नटाला तुमचा सॉकेट बसतो का हे घरीच लावून बघा.